पार्ट येतोय

तक्रार साधी होती. फ्लॅट अकराशे चार,
कासिमिया, शारजा. एसी गार करत नाही.
मी खिडकीतून अर्धा बाहेर, कमरेला पट्टा,
आतून टेकबहादूर पट्टा धरून,
आणि युनिटच्या मागे, भिंतीच्या बेचक्यात
नुसत्या धुळीवर, काडी नाही की कापूस नाही,
विटकरी ठिपक्यांची चार अंडी.

ती परतली तेव्हा दोघांच्या मधे माझा पान्हा होता.
ओरडली नाही. मान वाकडी करून पाहिलं फक्त,
ऑडिटर बिल पाहतो तसं.
पान्हा मीच आधी खाली घेतला.

घरात एकटी सुदानी म्हातारी, हाज्जा बतूल.
मोबाइलवरचा फोटो लांब धरून बघितला. म्हणाली,
खलास. ती बसलीय, तू ऊठ.

मग दर गुरुवारी जॉब कार्डावर लिहीत गेलो :
पार्ट मिळत नाही.
पार्ट जेबेल अलीत अडकलाय.
पार्ट येतोय.
मॅथ्यूसाहेबांनी विचारलं, कुठला पार्ट, परकार?
म्हटलं, मॉडेल जुनं आहे सर. फार जुनं.

नर राखी डोक्याचा, अंगानं लहान.
पार्किंगवर हवेत थांबायचा
खिळा ठोकून टांगल्यासारखा.
मग दगड. मग पाल.
ती पाल घेऊन थेट घरी यायचाच नाही,
समोरच्या डिशवर बसून हाक द्यायचा.
तीच जायची, चोचीतून चोचीत घ्यायची,
आणि तेवढी चार मिनिटं हा अंड्यांवर,
अवघडून, नवा जावई पाटावर बसतो तसा.

मोठ्या ससाण्यांना इथे पासपोर्ट असतो,
मनगटावर बसून विमानानं जातात, मी पाहिलंय.
माझा ऑफिसच्या कपाटात असतो.
या दोघांकडे नाहीच.

मे लागला. चव्वेचाळीस.
हाज्जा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची.
आमच्या रूमवरचा टेबलफॅन मी तिला नेऊन दिला,
सहा जणांनी शिव्या घातल्या,
आणि सहाही जण एकेका शुक्रवारी पिल्लं बघून गेले.
तीन पिल्लं. चौथं अंडं तसंच राहिलं,
ती येता-जाता चोचीनं जवळ ओढायची.

शेवटचं पिल्लू दोन दिवस कठड्यावर उभं होतं.
तिसऱ्या सकाळी नव्हतं.

पार्ट बदलला. महिनाभर व्हॅनमध्येच होता तो.
युनिट सुरू झालं तशी धूळ उडाली,
धुळीत पिसं, पालींच्या शेपट्या.
हाज्जानं पाच मिनिटांत रिमोट दाबून बंद केलं.
म्हणाली, आवाज फार करतं हे.

कार्डावर लिहिलं : काम पूर्ण.
खाली एक रकाना असतो, काढलेला जुना पार्ट.
तिथे लिहिलं : एक.
टूलबॉक्समध्ये आहे, वायसरच्या कप्प्यात,
चिंधीत गुंडाळून.