गळणारी गाठ

मे महिना, रात्रीचे पावणेदोन.
कूलरमधल्या वाळ्याचा वास आणि रक्ताचा वास,
एवढ्याशा खोलीत दोघांना जागा पुरत नाही.
डोमाजी हेडाऊ, वय एकसष्ट, राहणार गोळीबार चौक.
सोबत स्टीलची बादली, झाकण लावलेली.
बायकोने ती ओतली नव्हती.
"डॉक्टरले दिसू द्या म्हटलं, किती गेलं ते."

तिघांनी तीनदा विचारलं : किती पिता?
कॅज्युअल्टीत, लिफ्टमध्ये, फॉर्म भरताना.
दोनदा त्यांनी मान हलवली,
तिसऱ्यांदा नुसते डोळे.
"कावीळ होती जी, जुनी. खर्रा खाते,
खोटं काहून सांगू. बाकी काहीच नाही."
फॉर्मवर चौकट एकच होती.
मी ती कोरी ठेवली.

माझं काम लहान.
दुर्बिणीच्या टोकाला टोपी, टोपीवर सहा रबरी कड्या,
दोरा आतून ओढून चक्रीला गुंडाळायचा, ताण बघायचा.
सैल राहिला तर कडी सुटत नाही,
जास्त झाला तर भलत्या जागी सुटते.
चौदा वर्षं झाली,
अजून तळहात पुसूनच दोऱ्याला हात लावतो.

नगराळे मॅडम आत उतरतात.
पडद्यावर ओली गुलाबी भिंत,
तिच्यावर निळसर, फुगलेल्या, वळत गेलेल्या शिरा.
यकृताचा रस्ता बंद झाला
म्हणून रक्ताने शोधलेल्या गल्ल्या.
पूल बंद असला की टेम्पो इतवारीच्या बोळात घुसतात,
कुणाच्या ओट्याचा दगड निखळतो.
बोळाने काय करावं?

एका शिरेवर लाल ठिपका. तिथूनच धार.
"सक्शन."
पडदा लालभडक.
या क्षणी कुणालाच काही दिसत नाही, मॅडमनाही.
शीर टोपीत आली, हे फक्त बोटाला कळतं.
चक्री फिरते.
कट्.
हवा सोडली. लाल विरळ झालं,
आणि शिरेच्या मानेला काळी कडी,
वर बोराएवढं जांभळं टोक.
धार नाही.

दुसरी. तिसरी. चौथी घसरली. पाचवी.
नंतर मी रजिस्टरमध्ये लिहिलं :
कड्या सहा, बसल्या चार, घसरली एक, उरली एक.
उरलेली पिवळ्या पिशवीत.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात,
गार दूध घोट घोट गिळत त्यांनी मला थांबवलं.
"गाठ कोनती मारली जी?"
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.
माग भंगारात गेला,
आता सीताबर्डीच्या शोरूमवर रात्रपाळीचे चौकीदार,
दुसऱ्यांची लुगडी राखतात.
म्हटलं, गाठ नाही, रबर आहे.
आठ-दहा दिवसांत गळून जाईल, शीर तोवर वाळेल.
ते बराच वेळ दुधाकडे बघत राहिले.
"आमची गाठ गळली तं कापड गेलं.
तुमची गळली पायजे तवा मानूस ऱ्हायते.
अजब हाये बाप्पा."

सुट्टीच्या कागदावर : मऊ खिचडी, ताक,
सावजी बंद (हे बायकोने माझ्याकडून
त्यांच्यादेखत दोनदा वदवून घेतलं),
तीन आठवड्यांनी पुन्हा.

आले पाच आठवड्यांनी.
रांगेत उभ्या उभ्या खिशातून
एक लांब रेशमी धागा काढून दिला.
"दोन हायेत. एक केले. गाठ शोधा बरं."

तो रजिस्टरमध्येच आहे, त्यांच्या पानावर.
रात्री केस नसली की
टेबलावरच्या दिव्याखाली धरून
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
बोट फिरवतो.
अजून सापडली नाही.