सहा बोटं जागा

मायणी रस्त्याला, विट्यात, तारळेकरांच्या शेडात
पाच माग उतरले. पाच देशांचे, वापरलेले.
एकाच्या पायाला तिकडची माती वाळलेली,
एकाच्या पोटात उंदराचं घर.
शेठ म्हणाले, बटणांखाली मराठी टाक, बायांना कळलं पाहिजे.
चालू, बंद, उलटं, हे तासाभरात झालं.
राहिलं एक बटण, आणि त्याखाली
सहा बोटं जागा.

मी पेंटर. परक्या अक्षराचं मला वळण कळतं, आवाज नाही.
म्हणून सांगलीला देशिंगकर सरांना फोन लावला.
जन्मभर जर्मन शिकवलं, आता गच्चीत मिरच्या लावतात.
एकेक पाटी त्यांना सांगत गेलो:
हा विळ्यासारखा, ह्याच्या पोटात आडवी रेघ,
ह्या ओच्या डोक्यावर दोन टिंबं,
आणि शेवटच्या ओवर टिंबं नव्हेत सर, दोन तिरके फटकारे,
घाईत कुणी बोटं ओढल्यासारखे.

सर खुशीत आले. तो हंगेरीचा, म्हणाले,
ओन्म्युकोडो. 'ओन' म्हणजे आपण, पुढचं म्हणजे काम करणारा.
जर्मन म्हणतो सेल्ब्स्टटेटिग, अर्थ तोच.
चेक म्हणतो सामोचिन्नी, अर्थ तोच.
आणि त्या चेकांच्याच घरातून 'रोबो' निघाला बरं का,
मूळ शब्द रोबोता. रोबोता म्हणजे वेठ.
वेठबिगारीतली?
तीच.

उरले दोघे, इटलीचा आउतोमातिको, फ्रान्सचा ओतोमातिक.
दोघांनी ग्रीकांकडून उसना आणलेला.
'आउतो' म्हणजे आपण, आणि त्यातला 'मात' आहे ना,
तो आपल्या मनाचा, मतीचा लांबचा भाऊ.
आपल्याच मनाचा, असा अर्थ होतो बघ.

मी फोन ठेवला आणि बघितलं:
आपल्याच मनाच्या त्या यंत्राच्या पोटात
मैनुद्दीन जॉबर खांद्यापर्यंत हात घालून
पाना मागत होता.

स्वयंचलित लिहून बघितलं खडूनं. मावेना.
चवर ल चढला, त पाटीबाहेर पडला,
आणि तहसीलच्या फायलीचा वास आला तो वेगळाच.
आपोआप लिहिलं. फुगा सुटलेल्या पोराचा शब्द वाटला.
आपसूक लिहिलं. शेवंताबाई शेजारी कांड्या भरत होती,
म्हणाली, आपसूक व्हय? आपसूक फक्त दूध उतू जातं.
पुसलं.

तेवढ्यात चेक माग सुरू झाला.
पत्रे थरथरले, खडू टेबलावरून चालत खाली गेला.
तीन हजार धाग्यांतला एक तुटला,
कुठला ते कुणाला दिसलं नाही.
एक पातळ पत्ती टिचकीएवढी खाली आली
आणि माग थांबला.

हात कुणी लावला नव्हता.
शेवंताबाई उठून आली. एकतीस वर्षं धोट्याच्या मागावर,
पोर पोटात असताना, ताप असताना, नवरा तिरडीवर ठेवला
त्याच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा मागावर.
आपलं आपण थांबला ह्यो?
मैनुद्दीन म्हणाला, धागा तुटला की थांबतो. तेच तर ह्याचं आटोमॅटिक.
ती बघत राहिली. मग हळूच विचारलं,
आन् ह्याला कुणी बोललं न्हाई?

मैनुद्दीननं पाना पुसला. मी ब्रश पुसला.
शेठ आले, म्हणाले, ऑटो लिही रे, सगळ्यांना कळतंय.
लिहिलं. पिवळ्यात. दोनच अक्षरं,
चार बोटं जागा उरली, तीही पिवळ्यानं भरून टाकली.

शेवंताबाईनं तोवर तुटका धागा शोधला होता,
गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं,
आणि बोटाला चिकटलेलं झटकायला म्हणून
ओल्या पाटीवर पुसलं.
चिकटलं ते तिथंच, ऑटोच्या पुढं,
वर एक वळसा, मध्ये सैल, शेवटी खाली गेलेलं.

काढावं म्हणून नख लावलं होतं. राहू दिलं.
रविवारी सरांना फोन करीन,
वळण सांगता येईल असं आहे.