कूलर, नग चौदा

कॅसेटवर निळ्या शाईनं एवढंच: 'कूलर, नग चौदा'.
मला वाटलं, एखाद्या दुकानाची जाहिरात.
धंतोलीत माझ्याकडे येतात ती लग्नं, बारशी,
क्वचित कुणाची रिटायरमेंट.
कॅसेट यंत्रात सारायची, चहा मागवायचा.
तासाचं काम तासभरच चालतं,
टेप कुणासाठी घाई करत नाही.

मे एक्क्याण्णव. पाचपावली, विणकर सोसायटीचा हॉल.
सतरंजीवर माग नाही, नुसता धोटा
आणि भागरथा पौनीकर, वय असेल तिशीचं.
भोवती भाड्यानं आणलेले कूलर.
ती एकेक सुरू करते.
पहिला घसा खाकरतो.
दुसऱ्याचं पातं जाळीला घासतं.
पाचव्याचा पंप कोरडा, कण्हतो,
ती चंबूनं त्याला पाणी पाजते.
नवव्यापाशी थांबून कान लावते,
पायाखाली विटेचा तुकडा सारते
आणि त्याचा सूर उतरतो,
खरंच उतरतो, जरासा.
मग धोटा या हातातून त्या हातात,
या कूलरपासून त्या कूलरपर्यंत एक पांढरा धागा,
वाऱ्यात इतका थरथरणारा
की कॅमेऱ्याला तो कधी दिसतो, कधी नाही.

कॅमेरावाला लग्नाचा.
कुठं पाहावं त्याला कळेना,
म्हणून सवयीनं कानातल्यावर झूम: कानात काही नाही.
मग पुढच्या रांगेतल्या बायका.
मग दाराकडे, पंगत कुठं मांडली ते शोधत.
शेवटी कंटाळून वाळ्याच्या ताटीवर गेला
आणि तिथंच राहिला.
ओला वाळा, एक थेंब, दुसरा थेंब,
चार मिनिटं.
इतकं सुंदर त्यानं आयुष्यात काही टिपलं नसेल,
आणि ते त्याला माहीतही नसेल.

बाविसाव्या मिनिटाला लाईट गेली.

चौदा पाती एकदम थांबत नाहीत.
जो तो आपल्या वजनानं थांबतो,
पत्र्याचे आधी, एक खोकल्यासारखा, एक अर्ध्या वाक्यावर,
आणि तो जड लोखंडी, इतवारीतला असावा,
तो उतरतच राहतो, उतरतच राहतो,
आता थांबला वाटावं तेव्हा आणखी एक फेरा.

कॅमेरा बॅटरीवर.
टेपचा काळोख काळा नसतो,
त्यात राखाडी मुंग्या हिंडतात.
कुणी पुठ्ठ्यानं वारा घेतंय.
एक लेकरू रडायला होतं, विसरतं.
'झालं काय बे?'
'चूप बस ना. तिचं चालूच हाये.'
धोट्याचा खट्.
खूप वेळ काही नाही.
खट्.

एकोणीस मिनिटांनी, काही न सांगता,
हळद.
कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट, पैसे थकलेली, पुन्हा वापरलेली.
थर्मोकोलची अक्षरं, अर्धी मंडपाच्या खांबाआड,
'…मला वेड्स…'
आणि कोपरापर्यंत पिवळी एक मुलगी
कुणावर तरी हसते आहे, फ्रेमच्या बाहेरच्या.

भागरथाबाई मंगळवारी आल्या. हातात गोणपाटाची पिशवी.
स्टुलावर बसून पूर्ण पाहिलं, पाणीसुद्धा घेतलं नाही.
मी विचारलं, लाईट जाणार हे ठरलेलं होतं का?
'ठरलं होतं ते त्याच्या आधीचं,' त्या म्हणाल्या.
'त्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही.'
बरं, मागचं ते लग्न कापून टाकू?
त्या स्क्रीनजवळ वाकल्या. बऱ्याच वाकल्या.
'कोणाची पोरगी हाये ही?'
कसं कळणार.
'राहू दे मंग. तिच्या सप्तपदीवर तर आम्ही
चौदा कूलर मांडून बसलो.
उरलंसुरलं तरी राहू दे तिचं.'

मग म्हणाल्या, अंधाराचं परत लाव.

लावलं.
कुणी तरी बारशाची कॅसेट घेऊन आत आलं,
काळी स्क्रीन पाहिली, आम्हा दोघांना पाहिलं,
डोक्यावरच्या फिरत्या पंख्याकडे पाहिलं.
'लाईट गेली काय?'

'गेली होती,'
भागरथाबाई म्हणाल्या, मान न वळवता.