कळ

मुशियाच्या दवाखान्यात माझी खोली तळघरात.
शिशाचा एप्रन, एक पडदा, भिंतीपलीकडे समुद्र.
एलाडियो आला की कुबडीच्या आधी वासच कळतो:
मिठाचा, आणि मिठाखाली
द्राक्षाच्या चोथ्याच्या दारूचा.

ऑक्टोबरात लाटेनं त्याला खडकावरून उचललं.
कालवं खरवडत होता, कमरेला दोर.
दोर टिकला.
नडगी नाही.

सहावा आठवडा. पडद्यावर दोन टोकं,
वाटणीनंतरच्या भावांसारखी समोरासमोर,
मधे काळी फट.
इथं एव्हाना धूसर ढग हवा होता.
नवं हाड आधी ढगासारखंच दिसतं.

"गोळ्या किती घेतोस?"
"दुखतं तेवढ्या."
खिशातून पाकीट काढतो,
चांदीच्या कागदाला सगळीकडे भोकं.
"आणि रात्री?"
तो खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघतो.

वर डॉक्टर सबेलानं त्याला समजावलंय:
सूज ही पहिली हाक,
ती ऐकून रक्तातून कामकरी येतात.
सूज उतरवणाऱ्या गोळ्या ती हाकच दाबतात, कदाचित;
पुस्तकांचं त्यावर अजून भांडण आहे.
रोजच्या दारूवरून मात्र कुणी भांडत नाही.
हाड रचणाऱ्या पेशी तिच्यापुढं
हातातलं काम टाकून बसतात.

त्यानं मान हलवली म्हणे.
आता मला विचारतो,
"तू सांग. फोटो तू काढतेस."

माझ्या वडिलांचा हात वाकडाच जुळला होता.
त्याच हातानं त्यांनी मला पोहायला शिकवलं,
आणि मी अजूनही डावीकडे वाहवत जाते.
हे त्याला सांगत नाही.

म्हणते, तिनं लिहून दिलेल्या दुसऱ्या गोळ्या घे,
लिहिल्यात तेवढ्याच.
उरेल ती कळ काढ.
सगळीच मारू नकोस रे,
कळ आहे तिथंच हाडाला कळत असेल
कुठं जुळायचं ते.

तो हसला. कुबडी जिन्यावर
एक एक पायरी मोजत गेली.

अकरावा आठवडा. बाहेर वादळ, बोटी बांधलेल्या.
आज वास फक्त मिठाचा.
किंवा मला सर्दी झालीय.
हातांना मात्र कंप आहे, पाय टेबलावर ठेवताना
दात घट्ट आवळलेले.

फोटो येतो. फटीत काहीतरी पांढुरकं.
पडद्यावर माझंच बोट उमटलं असेल
म्हणून बाहीनं पुसते.
पुन्हा पुसते.

जात नाही.