गाठ

मिफ्लिनबर्गच्या बाहेर, होस्टेटरच्या पडीक शेतात
फेब्रुवारीभर मी गाठी मोजते.
गोल्डनरॉड, आपल्या सोनकीची लांबची बहीण,
वाळून काडी झालेली, गुडघाभर बर्फात उभी
आणि गळ्याशी एक टणक गोटी.
आत माशीची अळी, भाताच्या शिताएवढी,
गोठलेली. जिवंत.

व्हर्नियरचे जबडे लावायचे, आकडा लिहायचा,
मग चाकूने उभी चिरायची.

सतरा मिलिमीटर : आत भलतीच कुणी.
भिंत पातळ, गांधीलमाशीची सुई आरपार पोचली,
घरमालकीण उन्हाळा सरतानाच संपली.
सव्वीस : बाजूला सुबक भोक, आत काही नाही.
मोठी गाठ सुतारपक्ष्याला लांबून दिसते.
वीस. एकवीस. वीस.
या उघडल्या की पांढुरकं काहीतरी
तळहातावर घरंगळतं
आणि माझ्या उबेने फसून हलायला बघतं.

सुताराने ती गांधीलमाशी कधी पाहिली नाही.
ती ऑगस्टची, तो जानेवारीचा.
दार एकच, पाळ्या वेगळ्या.
तरी एकीने टोचून, दुसऱ्याने टोकरून
या घराचा घेर ठरवत आणलाय
किती हिवाळे, कुणास ठाऊक,
एकमेकांना न विचारता.
मराठीत सांगायचं तर
गाठ पडली नाही, आणि तरी
ही पडलीच.

काल होस्टेटर कुंपणाशी आला, थर्मास घेऊन.
गुडघा गेल्यापासून त्याने हे शेत कापलेलं नाही,
म्हणून तर इथे गोल्डनरॉड, म्हणून मी.
"यंदा भोकं जास्त दिसतात का गं?"
हो म्हटलं.
"मांजर गेली ना ऑक्टोबरात. ट्रूडी.
पाखरं आता बिनघोर उतरतात."
पिवळा बहर आला की ट्रूडी शिंकायची,
गोल्डनरॉडशी तिचं नातं म्हणाल तर एवढंच.
अळीचं तर तिला नावही ठाऊक नव्हतं.

वहीच्या समासात लिहिलं : मांजर.
खाली : एकच हिवाळा, यातून काही सिद्ध होत नाही.
खोडलं मात्र नाही.

नियम असा, की डोळे मिटून दोरी टाकायची
आणि दोरीखाली येईल तीच काडी तोडायची.
नाहीतर हात फितूर होतो.
आज अंधारून आलं, बोटं बधिर,
दोरी गाडीत राहिलेली.
म्हटलं, शेवटची एक.
हात गेला तो
सरळ सर्वांत मोठ्या गाठीकडे.