निळा साठ

फोटो आला तेव्हा विल्यांदीत
दुपारी चारलाच अंधार पडला होता.
बाहेर बर्फ, खिडकीच्या काचेत माझाच चेहरा,
आणि पडद्यावर जुलै महिना.

राय धान्यात न पेरता उगवणारं निळं फूल,
आमचं रुक्किलिल.
तसं बरं होतं. जरासं मरगळलेलं.
एक पाकळी कुणीतरी कुरतडलेली,
मागे माइमूच्या गोठ्याची भिंत, पिवळी बादली,
आणि ऐन मध्यात, परागात तोंड खुपसून
एक माशी.

मी कामाला लागलो.
बादली धूसर केली, भिंत वितळवली,
तिथं मऊ हिरवं धुकं सोडून दिलं.
कुरतडलेल्या जागी शेजारच्या पाकळीचा तुकडा
असा बेमालूम डकवला
की शिंप्यानंही तोंडात बोट घालावं.
मग निळ्याची पट्टी उजवीकडे सरकवत गेलो,
वीस, पस्तीस, साठ.
साठाला फूल दचकलं,
मागून कुणी हाक मारावी तसं.
तिथंच थांबलो.
नंतर जलरंगाचा इफेक्ट, अगदी हलका,
कडांना पाणी सुटल्यासारखा.
सगळ्यात शेवटी माशी.
एक टिचकी. गेली.
हातसुद्धा झटकावा लागला नाही.

बियांचं पाकीट छापण्याआधी
बियाणं पिकवणाऱ्याला दाखवायचं, असा आमच्याकडे नियम.
सत्त्याहत्तर वर्षांची बाई,
बोटांच्या चिरांत जानेवारीतही माती.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"सुंदर आहे," म्हणाली. "कुणाच्या शेतातलं?"

तुमच्याच.

तिनं पडद्यावर नेमकं मध्यावर बोट टेकवलं.
"इथं होती ना एक?"
घाण दिसत होती, मी म्हणालो.
"अरे, ती नसती
तर या पाकिटात भरलं काय असतंस?"

कॉफी निवेपर्यंत दोघंही गप्प.
निळ्याबद्दल ती काही बोलली नाही.
पाकळीबद्दलही नाही.
जाताना फक्त विचारलं,
बादली का काढलीस, चांगली नवी होती.

रात्री माशी परत आणली.
पण एव्हाना फुलावर जलरंग चढला होता,
त्यात तिचे पंख विरघळले, पाय फुटले.
तीनदा करून पाहिलं.
शेवटी आहे तशीच पाठवून दिली.

सकाळी छापखान्यातून उर्मासचा फोन:
"फुलावर कसला तरी डाग आलाय, काढून टाकू?"
राहू दे.
"अरे, पण डागच दिसतोय तो."
दिसू दे.
"आणि हा निळा? इतका निळा असतो कुठं?"

मी खिडकीकडे पाहिलं.
बर्फ, बर्फावर बर्फ,
आणि जुलै अजून सहा महिने लांब.
साठच ठेव, म्हणालो.