अकराशे चाळीस पत्ते

दत्त नगरातल्या युनियनच्या ऑफिसात तो भिंतीवर आहे,
सुतात विणलेला, काळ्यावर पांढरा.
सातुर्निनो कोंदोरी.
राजमल्लूला नाव शेवटपर्यंत आलं नाही,
तो म्हणायचा सत्तूनाना.

मी तेव्हा साखर पेठेत जॅकार्डचे पत्ते पंच करायचो.
सेक्रेटरी वडनाल एक कात्रण घेऊन आले,
बशीएवढा फोटो, टोपीतला माणूस,
खाली छापलेलं: कथिलाच्या खाणीतला हमाल
निवडून आला, पार्लमेंटात गेला
खाणीतल्याच चपला घालून.
म्हणाले, एक मेला भिंतीवर पाहिजे.

मी आलेखाच्या कागदावर त्याला मोजला.
एक चौकट म्हणजे एक धागा,
उचलायचा की नाही, एवढंच.
भोक, किंवा भोक नाही.
गालावरच्या व्रणाला दोन दिवस गेले.
नाक चुकलं.
ते आमच्या सासऱ्यासारखं झालं
आणि तसंच राहिलं.
विणला राजमल्लूनं, रात्रपाळीत, मालकाच्या सुतावर.

पुढचं सगळं हप्त्याहप्त्यानं कळलं,
चार-सहा महिने शिळं.
वडनाल वाचायचे, बायका सूप मांडीवर घेऊन ऐकायच्या.
पान, जर्दा, दोरा. हात थांबायचे नाहीत.
तो तुरुंगात गेला,
त्या साली हजारामागं दोन रुपये वाढले आमच्याकडं.
सुटला, शेजारच्या देशात पळाला,
नऊ वर्षं बूट शिवले म्हणे.
यल्लव्वा म्हणाली, आणि बायको कुठं होती त्याची?
ते कात्रणात नव्हतं.
मंत्री झाला तेव्हा पेढे वाटले, खरंच,
वडनालांनी इंग्रजीत पत्र लिहिलं,
तिकिटाचे पैसे वर्गणीतून.
उत्तर नाही आलं.
पोस्टमनला मात्र वर्षभर चहा मिळाला.

मग ती बातमी.
ज्या खाणीच्या दारात त्यानं सतरा दिवस उपास काढला
तिला कुलूप घालायच्या हुकुमावर
सही त्याची.
कथिलाचा भाव पडला होता, लंडनला की कुठंतरी.
कारण होतं.
कारण असतंच. आमच्या गिरणीची चिमणी थंड झाली
तेव्हा पण चांगलं टाइप केलेलं होतं.
वडनालांनी कागदाची घडी केली.
पहिल्यांदाच
हात थांबले सुपावर.

राजमल्लू स्टुलावर चढला. उतरवतो ह्याला, म्हणाला.
उतरवला.
मांडीवर घेऊन बघत बसला बराच वेळ,
कडेचा एक सुटलेला धागा दातानं तोडला,
मग उलटा करून परत टांगला.

आमच्या विणीत दोन्ही बाजू खऱ्या असतात.
इकडं पांढरं, तिकडं काळं.
तोच माणूस, फक्त व्रण दुसऱ्या गालावर
आणि डोळे उजळ, बुबुळाच्या जागी.
मला भीती वाटली पहिले काही दिवस.
नंतर सवय झाली.

एका इलेक्शनला एक उमेदवार आला,
झेंडूचा हार घातला त्याला, डोळे मिटले, म्हणाला,
सोलापूरच्या मातीचा हा थोर सुपुत्र!
बायका सुपात बघत राहिल्या.
कोण दुरुस्त करणार बे?
नाक तर आमचंच होतं.

गेल्या थंडीत गेला तो. नातवानं मोबाइलवर दाखवलं.
शेवटी गावातच होता, बटाटे लावायचा,
सकाळी खाणीच्या दारापर्यंत चालत जायचा,
कुलूप बघायचा, माघारी यायचा.
वाटेत कुणी थुंकायचं,
कुणी विस्तवाला बोलवायचं.
बायकोचं ह्यातही काही नव्हतं.

पत्ते माझ्याकडं आहेत अजून,
दोरीत ओवलेले, माळ्यावर.
उंदरांनी काही भोकं वाढवलीत.
आता विणला तर चेहरा कसा येईल
सांगता येत नाही.
राजमल्लूची पोरगी म्हणाली, काळं सूत माझ्याकडं पडलंय,
पांढरं तेवढं तुम्ही बघा, मामा.